पानाचं वजन कुणी ठरवायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार (सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट) संपला आणि आपल्याकडे एक जुनाच वाद पुन्हा पेटला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. त्यामुळे २०१६-१७ साली घेतलेला, आजही धडधाकट असलेला संगणक एका तारखेला कालबाह्य ठरला. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना एका वर्षाची मुदतवाढ देऊ केली, पण ती मुदतवाढच आहे. मग एक बाजू म्हणू लागली, "लिनक्स टाका, मशीन नव्यासारखं पळेल." (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी मुक्त कार्यप्रणाली.) दुसरी म्हणाली, "कशाला मेलेल्याला उठवताय? भंगारात घाला आणि नवं घ्या." दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण दोघींचं लक्ष टेबलावरच्या खोक्यावरच खिळलेलं आहे. त्या खोक्यावर आपण काय उघडतो आणि ते इतकं जड कसं झालं, हे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. ६४-बिट प्रोसेसर आणि निदान २ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) असलेला संगणक लिनक्स टाकून वापरात ठेवावा. शाळा, ग्रंथालयं, ग्रामपंचायती यांनी तर हे धोरण म्हणून करावं. पण हे टिकायचं असेल तर सरकारी आणि सार्वजनिक संकेतस्थळांच्या पानांना वजनाची, म्हणजे पान उघडताना उतरणाऱ्या माहितीची, कमाल मर्यादा घातलीच पाहिजे. नुसतं लिनक्स टाकून भागणार नाही. आज ना उद्या तो संगणक पुन्हा अडेल, आणि त्यात दोष त्याचा नसेल.

या वादातला पहिला गोंधळ असा की दोन अगदी वेगळ्या यंत्रांबद्दल एकाच दमात बोललं जातं. सहाव्या-सातव्या पिढीचा आय-थ्री किंवा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, आत एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कहून वेगवान साठवण. अशा संगणकाला विंडोज ११ ने नाकारलं तरी लिनक्स मिंट टाकल्यावर पुढची कित्येक वर्षं तक्रारीला जागा नाही. तिथे वाद घालण्यासारखं काही उरत नाही. खरा प्रश्न दुसऱ्या यंत्राचा आहे. कोअर टू ड्युओ किंवा त्या काळातला पेंटियम ड्युअल-कोअर, २ जीबी रॅम, करकरणारी हार्ड डिस्क. शाळेच्या संगणककक्षात प्लास्टिकच्या आवरणाखाली पडून असलेला, सायबर कॅफे बंद झाल्यावर कुणीतरी घरी आणलेला, दादाच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला आणि आता धाकट्या बहिणीच्या वाट्याला आलेला. या संगणकावर कुणाला व्हिडिओ एडिटिंग करायचं नाही. मेल बघायची, निकाल बघायचा, सातबारा काढायचा, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा, विकिपीडिया वाचायचा, मराठीत दोन पानं टाइप करायची. एवढं करतानाच तो हँग होतो.

इथे लिनक्सप्रेमी मंडळी लगेच डिस्ट्रोंची, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार रूपांची, यादी पुढे करतात. अँटीएक्स, पपी, लुबुंटू, मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. मग कुठली हलकी यावर तासन् तास चर्चा रंगते. ती निरर्थक नाही, पण तिचा आवाका लहान आहे. अँटीएक्ससारखी डिस्ट्रो सुरू झाल्यावर दोन-अडीचशे एमबी रॅम घेते आणि मिंटची सिनॅमन आवृत्ती एक जीबीच्या आसपास जाते. २ जीबीच्या यंत्रावर हा फरक मोलाचा आहे हे मान्य. पण नंतर ब्राउझर उघडा, मेलचा एक टॅब, बातम्यांचा एक आणि नकाशाचा एक असे तीन टॅब लावा, आणि वाचवलेलं सगळं दोन मिनिटांत संपलेलं बघा. रॅम खाणारा डेस्कटॉप (म्हणजे खिडक्या आणि मेनू दाखवणारा लिनक्सचा वरचा थर) नाही, वेब आहे. मग अख्खी चर्चा डेस्कटॉपच्या निवडीभोवती का फिरते? कारण डेस्कटॉप आपल्या हातात असतो आणि वेब दुसऱ्याच्या.

ब्राउझरची बाजूही समजून घ्यायला हवी. तो उगाच सुजलेला नाही. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली छिद्रं जगजाहीर झाली. एका टॅबमधल्या दुष्ट पानाने दुसऱ्या टॅबमधला बँकेचा मजकूर चोरण्याची वाट त्यातून निघू शकत होती. त्यावर उपाय म्हणून क्रोमने त्याच वर्षी प्रत्येक संकेतस्थळाला वेगळी प्रक्रिया (प्रोसेस), म्हणजे मेमरीतला स्वतंत्र कप्पा, द्यायला सुरुवात केली. त्यासाठी १० ते १३ टक्के जास्त मेमरी लागते, असं गूगलनेच सांगितलं होतं. फायरफॉक्सही नंतर त्याच वाटेने गेला. हा खर्च सुरक्षेचा आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. अर्थ आहे तो या भिंतींच्या आत ओतल्या जाणाऱ्या मालाचा हिशेब विचारण्यात.

तो हिशेब मांडून बघू. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं. त्या दराने हा अख्खा लेख पन्नास किलोबाइटच्या आसपास बसतो. एका सातबाऱ्याचा मजकूर त्याच्या एका छोट्या अंशात मावेल. आणि आज वेबवरचं सर्वसाधारण मुखपृष्ठ साधारण अडीच मेगाबाइटचं असतं, म्हणजे या लेखाच्या पन्नासपट. शिवाय हे वजन तारेवरून येतानाचं. मेमरीत उतरल्यावर ते फुगतं. १९२० बाय १०८० पिक्सेलचा फोटो फाइल म्हणून दोन-तीनशे केबीचा असला तरी पडद्यावर उलगडताना त्याच्या प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात, म्हणजे आठ एमबीहून जास्त. मुखपृष्ठावर आपोआप सरकणारे असे पाच फोटो लावले की चाळीस एमबी गेले, आणि वाचकाने अजून एक ओळही वाचलेली नाही. त्यावर जावास्क्रिप्टच्या, म्हणजे पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, चळती, पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्ट, आपसूक सुरू होणारा व्हिडिओ. सातबारा बघायला आलेल्या शेतकऱ्याच्या संगणकाने हे ओझं कुणासाठी वाहायचं?

आता विरोधी बाजूचं ऐकू या, कारण तिच्याकडे भक्कम मुद्दे आहेत आणि लिनक्सचा प्रचार करणारे ते टाळतात.

पहिला मुद्दा. "लिनक्स फुकट आहे" हा युक्तिवाद आपल्याकडे चालत नाही. तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीवाला दोन-चारशे रुपयांत फॉरमॅट मारून चोरीची विंडोज टाकून देतो, म्हणजे ग्राहकाच्या लेखी तीही फुकटच. हे खरं आहे. म्हणूनच मी फुकटचा मुद्दा मांडत नाही, अपडेटचा मांडते. २ जीबीच्या यंत्रावर तो दुरुस्तीवाला बहुधा विंडोज ७ टाकतो, कारण तीच त्यावर बरी चालते. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. तिच्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, ती जानेवारी २०२३ ची. त्यानंतर सापडलेली सगळी छिद्रं त्या ब्राउझरमध्ये उघडी आहेत आणि त्याच ब्राउझरमधून आजोबा पेन्शनचं खातं बघतात. त्याच यंत्रावर डेबियन किंवा मिंट ही लिनक्सची डिस्ट्रो टाकली तर आजच्या तारखेचा ब्राउझर मिळतो. याहून मोठा फायदा लिनक्स देत नाही, आणि एवढा एकच फायदा पुरेसा आहे.

दुसरा मुद्दा कामाच्या सॉफ्टवेअरचा. टॅली लिनक्ससाठी नाही. डीटीपीवाल्याचं श्री-लिपी आणि कोरलड्रॉ विंडोजवर बसलेलं. डिजिटल सहीच्या टोकनची जुळणी सीएच्या ऑफिसात विंडोज गृहीत धरूनच होते. आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर लिनक्सवर चालवणं म्हणजे चिकाटीची परीक्षा. हे सगळं मी जसंच्या तसं मान्य करते. ज्याचं पोट टॅलीवर आहे त्याला लिनक्स टाकायला सांगणारा माणूस त्याचा हितचिंतक नव्हे. पण टॅलीवाल्याचा संगणक २ जीबीचा नसतो, आणि २ जीबीवाल्याला टॅली चालवायची नसते. एका गरजेचं उत्तर नाही म्हणून दुसऱ्या गरजेचं उत्तर फेकून द्यायचं कशासाठी?

तिसरा मुद्दा, लिनक्सवालेच लपवतात तो. "लिनक्स कुठलंच यंत्र सोडत नाही" हे धादांत खोटं आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ज्या ३८६ प्रोसेसरसाठी लिनक्स लिहायला घेतलं, त्याच ३८६ चा आधार २०१३ च्या सुरुवातीला आलेल्या ३.८ आवृत्तीत काढून टाकला गेला. लिनक्सवरच्या ३२-बिट संगणकांना क्रोमने २०१६ मध्येच निरोप दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. फायरफॉक्सनेही २०२५ च्या अखेरीस ३२-बिट लिनक्स सोडलं. २००८ च्या सुमारास निघालेल्या, अॅटम एन२७० प्रोसेसर असलेल्या छोट्या नेटबुकांसाठी आता वेबची वाट जवळपास बंद झाली आहे. ती यंत्रं संगीत ऐकायला, टाइप करायला, मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला उपयोगी पडतील, पण बँकेचं पान त्यांच्यावर उघडू नये. तसंच जुन्या पेंटियम ४ चं. तो प्रोसेसर एकटाच शंभर वॅटच्या आसपास वीज खातो, आणि सोबत जुना काचेचा मॉनिटर असेल तर विजेच्या बिलातच नवं यंत्र निघेल. म्हणून मी मर्यादा स्पष्ट घातली: ६४-बिट आणि निदान २ जीबी. त्याखालच्या यंत्रासाठी वचन देणं ही फसवणूक ठरेल.

"मग दोन-चारशे रुपयांची रॅम टाका की," असं म्हणणारेही भेटतात. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार असा काही शोषून घेतला की भाव भडकले. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये तर सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल हा व्यवसायच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. रॅम दरवर्षी स्वस्तच होत जाणार हे गृहीतक ज्यांनी संकेतस्थळं बांधताना धरलं होतं, त्यांना आता ते मागे घ्यावं लागेल.

चौथा मुद्दा मोबाइलचा. "हे सगळं फोनवर होतं, संगणक हवाय कशाला?" बरंच होतं, हे खरं. पण पंधरा रकान्यांचा अर्ज, त्याला जोडायची सहा कागदपत्रं, एका बाजूला पीडीएफ आणि दुसऱ्या बाजूला टायपिंग, हे फोनवर करून पाहिलेल्या माणसाला विचारा. दहावीच्या मुलीला दोन हातांनी टाइप करायला फोन शिकवत नाही. आणि स्वस्त फोनची रॅमही दोन-तीन जीबीच असते, अपडेट तर त्याला संगणकापेक्षा लवकर बंद होतात. पान हलकं झालं तर त्या फोनचंही भलं होईल.

पाचवा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो. "गरिबांच्या पोरांना श्रीमंतांची उतरन का? त्यांना नवीन संगणक द्या." या म्हणण्यात स्वाभिमान आहे आणि मी त्याच्यापुढे मान तुकवते. शाळेला नव्या संगणकांसाठी निधी मिळत असेल तर जुन्यांच्या नावाखाली तो अडवणाऱ्याला विरोधच केला पाहिजे. पण २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरातच्या शाळेत काय झालं ते आठवा. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग त्या छोट्या गावात झाला. मुलांच्या हातात आलेले एक्सओ लॅपटॉप कोरे करकरीत होते, आणि त्यांची रॅम होती २५६ एमबी. त्यावर लिनक्सच होतं. त्या काळी त्यावर वेब उघडत होतं. आज माझ्या टेबलावरच्या जुन्या लॅपटॉपमध्ये त्याच्या आठपट रॅम आहे आणि तरीही तो "गरिबाचा" ठरतो. या अठरा वर्षांत यंत्राची पत कुणी घालवली? मुलांच्या गरजा आठपट वाढल्या नाहीत. वाचायचं तेच आहे, लिहायचं तेच आहे, फॉर्ममधले रकानेही जवळपास तेच. नव्या संगणकाची मागणी जरूर करावी, पण आज घेतलेला ८ जीबीचा संगणक दहा वर्षांनी याच रांगेत उभा राहणार नाही याची हमी कोण देतं?

निक्लाउस विर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञाने १९९५ मध्येच बजावलं होतं की हार्डवेअर जितक्या झपाट्याने वेगवान होतं, त्याहून जास्त झपाट्याने सॉफ्टवेअर मंद होत जातं. तीस वर्षांनी आपण ते वाक्य नियती म्हणून स्वीकारलं आहे. "काळाबरोबर जावंच लागतं," असं म्हणतो आणि गप्प बसतो. पण वजन वाढणं ही नियती नसते, कुणीतरी तसं ठरवलेलं असतं. आपल्याच मुलखात कुणीतरी याच्या उलटही ठरवलं होतं.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शीला रेल्वे नेली ती १८९७ मध्ये. पैसा कमी होता, म्हणून अडीच फुटांचा अरुंद मार्ग आणि दर यार्ड लांबीला तीस पौंड वजनाचे हलके रूळ. अशा रुळांवर जड गाडी घातली तर रूळ वाकणार. कॅलथ्रॉपने रूळ जड करायचा हट्ट धरला नाही आणि "बार्शीकरांनी आधी चांगले रूळ आणावेत" असंही म्हटलं नाही. त्याने नियम घातला की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. वॅगन असो, डबा असो, इंजिन असो, नियम एकच. इंजिन तीस टनांच्या घरातलं होतं, तर त्याला आसच सहा दिले, म्हणजे भार वाटला गेला. ही मर्यादा पाळूनच पुढे ती गाडी पंढरपूरला गेली, लातूरला गेली, मिरजेला गेली. वारीच्या दिवसांत तिने वारकरी वाहिले, एरवी धान्य आणि कापूस वाहिला. कुणी म्हणेल, शेवटी बार्शी लाइटही गेलीच ना, ब्रॉडगेज आलीच ना. आली, पण शंभर वर्षांनी, त्याच गावांसाठी, सार्वजनिक पैशाने. रूळ हलका आहे म्हणून प्रवाशाला घरी बसायला कुणी सांगितलं नाही.

दुसरा दाखला पुण्याचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस संगणकावर मराठी दिसत नव्हती. तेव्हाच्या डॉसवर चालणाऱ्या पीसीला ६४० केबी मेमरी असायची. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम पुढे नेत पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने जिस्ट कार्ड आणलं. संगणकाच्या आत ते कार्ड खोचलं की तीच साधी यंत्रं देवनागरी दाखवू लागली, इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीने मराठी टाइप होऊ लागलं. मराठीसाठी नवा संगणक घ्या, असं तेव्हा देशाला सांगितलं गेलं नाही. असलेल्या यंत्राला भाषा शिकवली गेली. त्याच सी-डॅकने पुढे २००७ मध्ये बॉस लिनक्स काढलं. ही परंपरा आपल्या घरची आहे. तिचा विसर पडावा याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भाषेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते. कमी मेमरीसाठी "डिलोसारखा हलका ब्राउझर वापरा" हा सल्ला फार दिला जातो. तो इंग्रजी वाचणाऱ्यासाठी आहे. डिलो जावास्क्रिप्ट चालवत नाही हे एक, आणि देवनागरीची जोडाक्षरं नि वेलांट्या त्यात नीट जुळत नाहीत हे दुसरं. मराठी वाचकाला पूर्ण क्षमतेचाच ब्राउझर लागतो. म्हणून पान हलकं होण्याची गरज आपल्याला इंग्रजी वाचकापेक्षा जास्त आहे.

वापरणाऱ्याच्या हातात काय आहे, तेही थोडक्यात. हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी. डेबियनवर एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, नाहीतर अँटीएक्स. झेडरॅम सुरू करायचं: रॅमचाच एक भाग दाबून भरलेल्या माहितीसाठी राखला जातो, त्यामुळे डिस्कवर ये-जा कमी होते आणि २ जीबी असूनही ३ जीबीसारखं वागणं मिळतं. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन (ब्राउझरची जोडणी) घालायचं. जाहिराती आणि पाळतीच्या स्क्रिप्ट अडल्या की जड पानं पुष्कळ निवळतात. यूट्यूबसाठी एच२६४-इफाय हे एक्स्टेंशन, म्हणजे जुन्या ग्राफिक्सला झेपणाऱ्या एच.२६४ या प्रकारातच व्हिडिओ येतो. हा लेख मी अशाच लॅपटॉपवर, आयबस (लिनक्सवर मराठी टायपिंगची सोय) आणि इनस्क्रिप्ट वापरून लिहिते आहे आणि शेजारी चार टॅब उघडे आहेत. पण एवढं करूनही काही पानं उघडत नाहीत. जीमेलचं साधं एचटीएमएल रूप, जे असल्या यंत्रांचा आधार होतं, २०२४ च्या सुरुवातीला बंद करण्यात आलं. वापरणाऱ्याने कितीही काटकसर केली तरी पलीकडच्याने दार लावून घेतलं की संपलं.

आणि म्हणून सरकारी पानांचा आग्रह. खासगी कंपनीचं पान जड असेल तर मी दुसरीकडे जाईन, पण सातबाऱ्यासाठी दुसरं दुकान नाही. मर्यादा घालणं अशक्य आहे असंही नाही, कारण नागरिकावर ती रोज घातली जाते. बँकभरतीच्या आयबीपीएसच्या अर्जात फोटो २० ते ५० केबीचा आणि सही १० ते २० केबीची लागते. एक केबी इकडेतिकडे झाला की अर्ज पुढे सरकत नाही. गावातली मुलं त्यासाठी सायबर कॅफेत वीस-तीस रुपये देऊन फोटो लहान करून घेतात. उमेदवाराने आपला चेहरा ५० केबीत बसवायचा आणि अर्जाच्या पानावर मात्र बंधन नाही, हे कुठल्या न्यायात बसतं? वजनाचा नियम लिहिता येतो, तपासता येतो, मोडला तर अडवता येतो, हे आपल्याच व्यवस्थेने सिद्ध केलेलं आहे.

"हलकं पान म्हणजे मागासलेलं पान" हा आक्षेप ब्रिटनच्या सरकारने मोडीत काढला आहे. तिथलं गव्ह डॉट यूके हे मध्यवर्ती संकेतस्थळ बहुतेक सगळ्या सरकारी सेवांचं दार आहे. २०२२ मध्ये त्यांनी तिथून जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी काढून टाकली. वाचले सुमारे ३२ किलोबाइट. एवढ्याशा बचतीसाठी कित्येक महिने काम केलं, आणि कमकुवत यंत्र, मंद जोडणी असलेल्यांची पानं लवकर उघडू लागल्याचं मोजून दाखवलं. सेवा एकही कमी झाली नाही. आपल्याकडे सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत आणि दिव्यांगांना पानं वापरता यावीत याचा आग्रह त्यांत आहे. जुन्या यंत्रावरचा माणूस त्याच पंगतीत का बसू नये?

राहिला सर्वांत व्यावहारिक प्रश्न: लिनक्स टाकेल कोण, बिघडलं तर बघेल कोण? लिनक्सच्या विरोधात म्युनिकचं उदाहरण हमखास देतात. त्या शहराने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, हजारो संगणक बदलले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. हे घडलं, नाकारायचं कारण नाही. पण त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपले सुमारे ३०,००० सरकारी संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेण्याचं जाहीर केलं. आणि इतकं लांब जायची गरजच नाही. केरळने २००१ मध्ये आयटी@स्कूल सुरू केलं आणि पुढच्या काही वर्षांत सरकारी शाळांमधलं संगणकशिक्षण लिनक्सवर नेलं. दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षा मुलं लिनक्सवर देतात. बघणारं कोण, याचं उत्तरही त्यांनी शोधलं. आधी शिक्षकांना तयार केलं आणि २०१८ पासून 'लिटल काइट्स' या नावाने शाळाशाळांत मुलांचेच गट उभे केले. बिघडलेला संगणक आठवी-नववीतली मुलगी उघडते आणि दुरुस्त करते. आपल्याकडे एमएस-सीआयटीने २००१ पासून गावोगाव संगणक पोचवला, हे मोठं काम आहे. त्याच वर्गांत विंडोजसोबत लिनक्सचे चार धडे आले तर तालुक्याचा दुरुस्तीवाला पाच वर्षांत आपोआप तयार होईल. कारण तोही त्याच वर्गातून शिकून गेलेला असतो.

२०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच नोंदवलेल्या पद्धतीने गोळा होऊन पुनर्वापरात गेला. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पण ते सुरू होतात यंत्र टाकून दिल्यावर. ते टाकून द्यायची वेळ लवकर का आली, हा प्रश्न त्या नियमांच्या कक्षेबाहेर आहे. तो निविदेच्या कक्षेत आणता येतो. कुठल्याही खात्याचं नवं संकेतस्थळ ताब्यात घेताना कंत्राटदाराने ते २ जीबी रॅमच्या, साधी हार्ड डिस्क असलेल्या, लिनक्स आणि फायरफॉक्स टाकलेल्या संगणकावर उघडून दाखवावं. मुखपृष्ठ ५०० केबीच्या आत, अर्जाचं पान ३०० केबीच्या आत. अर्ज पहिल्या रकान्यापासून पावती छापेपर्यंत त्या यंत्रावर पूर्ण भरला गेला पाहिजे, तोही मराठीत. तो संगणक विकत घ्यावा लागणार नाही. प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयाच्या माळ्यावर किंवा जिन्याखाली असा एखादा निर्लेखनाची वाट बघत पडलेला असतोच. तो पुसून टेबलावर ठेवा, आणि त्यावर अर्ज पूर्ण होईपर्यंत शेवटच्या बिलावर सही करू नका.